पारगम्यता मोजायची कशी: वाळूच्या नमुन्यापासून खडकाच्या गाभ्यापर्यंत

पारगम्यतेचं सूत्र एका ओळीत मावतं. वाळूसाठी लागणारं सामानही साधं असतं: एक नळकांडं, दोन जाळ्या, मॅनोमीटर (पाण्याचा दाब उंचीत दाखवणारी उभी नळी), मोजपात्र, थर्मामीटर आणि स्टॉपवॉच. तरीही एकाच वाळूचे दोन जणांनी काढलेले आकडे दुपटी-तिपटीने वेगळे येतात, आणि बहुतेक वेळा चूक सूत्रात नसते. नमुना कसा भरला, त्यात हवा किती अडकली आणि एकाच रीडिंगवर किती विसंबलो, यात ती असते. म्हणून या लेखात गणितापेक्षा नमुन्याला आणि आलेखाला जास्त जागा दिली आहे.

छिद्रं किती आणि वाट किती मोकळी

सच्छिद्रता म्हणजे एकूण घनफळात पोकळीचा वाटा. पारगम्यता म्हणजे त्या पोकळ्यांतून द्रव किंवा वायू किती सहज पुढे सरकतो ते. या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. मऊ चिकणमातीत निम्म्याहून अधिक जागा पोकळ असू शकते, वाळूत साधारण ३५ ते ४० टक्के. तरी वाळूतून पाणी लाखो पटींनी सहज वाहतं, कारण पोकळीच्या बेरजेपेक्षा एकेका वाटेची रुंदी महत्त्वाची असते. पाणी छिद्राच्या भिंतीला चिकटून राहतं आणि मध्यभागी वेगाने सरकतं. छिद्र जितकं अरुंद, तितका भिंतीचा अडथळा मोठा. ढोबळमानाने कणांचा व्यास दहावा हिस्सा झाला की पारगम्यता शंभरावा हिस्सा होते.

कोझेनी यांनी १९२७ मध्ये आणि कारमन यांनी १९३७ मध्ये हा संबंध सूत्रात बांधला. गोलसर, सारख्या आकाराच्या कणांसाठी ते असं आहे:

पारगम्यता = (सच्छिद्रतेचा घन × कणव्यासाचा वर्ग) ÷ (१८० × (१ − सच्छिद्रता)चा वर्ग)

यातला सच्छिद्रतेचा घन नीट पाहा. वाळू जरा जास्त ठोकली आणि सच्छिद्रता ०.४० वरून ०.३६ वर आली, तर पारगम्यता सुमारे ३६ टक्क्यांनी घटते. नुसती बोटाने टिचकी मारूनही नमुना एवढा बसतो. नमुन्याची घनता न लिहिता दिलेला पारगम्यतेचा आकडा मी अर्धवटच मानतो.

डार्सी यांचा नियम आणि दोन वेगळ्या राशी

फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम केलेले अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं ते असं: प्रवाह हा हेडमधल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि वाळूच्या थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो.

प्रवाह = जलवाहकता × काटछेदाचं क्षेत्रफळ × (हेडमधला फरक ÷ लांबी)

हेड म्हणजे मॅनोमीटरमधल्या पाण्याच्या पातळीची उंची. कंसातल्या भागाला हेडचा उतार म्हणू या. तो लांबीला लांबीने भागून येतो, म्हणून त्याला एकक नाही.

प्रवाहाला क्षेत्रफळाने भागलं की जो वेग मिळतो तो डार्सी-वेग. पाणी प्रत्यक्षात फक्त पोकळ्यांतून जातं, त्यामुळे त्याचा खरा सरासरी वेग याहून जास्त असतो. डार्सी-वेगाला सच्छिद्रतेने भागा म्हणजे तो मिळेल. रंग किंवा प्रदूषक किती वेळात पलीकडे पोचेल हे विचारलं असेल, तर हा दुसरा वेग लागतो.

आता दोन राशींचा घोळ. जलवाहकता ही पदार्थ आणि पाणी या दोघांची मिळून असते. तिचं एकक वेगाचं, म्हणजे सेंटीमीटर प्रति सेकंद. पारगम्यता फक्त पदार्थाची असते. तिचं एकक क्षेत्रफळाचं. त्यांचा संबंध असा:

पारगम्यता = जलवाहकता × श्यानता ÷ (घनता × गुरुत्वत्वरण)

श्यानता म्हणजे प्रवाहीचा आतला घट्टपणा. तेलक्षेत्रात पारगम्यता डार्सी या एककात सांगतात. १ सेंटीपॉइज श्यानतेचा प्रवाही, दर सेंटीमीटरला १ अ‍ॅटमॉस्फियर इतक्या दाबाच्या उताराखाली, १ चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला १ घन सेंटीमीटर वाहिला, तर पारगम्यता १ डार्सी. हे सुमारे ०.९८७ चौरस मायक्रोमीटर होतं. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी १ डार्सी म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००१ सेंटीमीटर जलवाहकता. एवढं लक्षात ठेवलं तर भूजलवाल्यांचे आणि तेलवाल्यांचे आकडे चटकन ताडून पाहता येतात.

पद्धत कोणती घ्यायची

आधी अंदाज बांधा. स्वच्छ वाळूची जलवाहकता साधारण ०.००१ ते १ सेंटीमीटर प्रति सेकंद, भरड खडीची त्याहून जास्त. गाळमाती तीन-चार शून्यांनी खाली, आणि चांगली चिकणमाती ०.०००००१ च्याही खाली. वाळूसाठी हेझन यांचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा ठोकताळा अजून उपयोगी पडतो. चाळणीच्या आलेखावरून असा व्यास काढा, ज्याहून बारीक कण वजनाने १० टक्के आहेत. तो मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, की जलवाहकता सेंटीमीटर प्रति सेकंदात ढोबळमानाने मिळते. ०.३ मिलिमीटरला ०.०९ येईल.

वाळू असेल तर कॉन्स्टंट हेड (हेड स्थिर ठेवून प्रवाह मोजणं). गाळमाती असेल तर फॉलिंग हेड (हेड उतरू देऊन वेळ मोजणं). चिकणमातीला लवचीक रबरी पडद्याचा सेल (नमुना ठेवायचं पात्र). खडकाचा सुकवलेला गाभा (खडकातून कापून काढलेला दंडगोल तुकडा) असेल तर वायू. भरड वाळूवर फॉलिंग हेड लावलं तर पातळी स्टॉपवॉच दाबेपर्यंत खाली येते, आणि चिकणमातीवर कॉन्स्टंट हेड लावलं तर मोजपात्रात जमण्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन उडतं.

कॉन्स्टंट हेड: नमुना भरणं

सेलचा व्यास सर्वांत मोठ्या कणाच्या निदान आठ ते बारा पट हवा. कण भिंतीला टेकतात तिथे ते नीट गुंफले जात नाहीत, वाट मोकळी राहते आणि अरुंद सेलमध्ये हा कडेचा प्रवाह आकडा फुगवतो.

कोरड्या वाळूचं वजन आधी घ्या. खाली जाळी बसवा, त्यावर भरड वाळूचा पातळ थर. मग नरसाळ्याला नळी लावून वाळू थराथराने सोडा. नळीचं तोंड वाळूच्या पृष्ठभागापासून कायम सारख्याच, कमी उंचीवर ठेवा आणि गोल फिरवत राहा. वरून ओतली तर बारीक कण मध्यभागी साचतात, भरड कण कडेला घरंगळतात, आणि नमुन्यात तुम्हाला न दिसणारे पट्टे तयार होतात. प्रत्येक थरावर सारखेच ठोके द्या. पुढचा थर टाकण्याआधी आधीचा पृष्ठभाग हलकेच खरवडा, नाहीतर थरांच्या सांध्यावर बारीक कणांची पापडी बसते आणि सगळा प्रवाह तिथे अडतो.

भरून झाल्यावर उंची चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या आणि सच्छिद्रता लगेच काढा. समजा सेलचा व्यास ७.५ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४४.२ चौरस सेंटीमीटर. वाळूची उंची १२ सेंटीमीटर, म्हणजे घनफळ ५३० घन सेंटीमीटर. कोरडं वजन ८४३ ग्रॅम. घनता १.५९ आली. क्वार्ट्झची घनता २.६५ धरली तर सच्छिद्रता = १ − १.५९ ÷ २.६५ = ०.४०.

हवा बाहेर काढणं

सगळ्या प्रयोगात माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. छिद्रात अडकलेला बुडबुडा पाण्याच्या दृष्टीने दगडाच्या कणासारखाच असतो: वाट बंद. शिवाय तो पृष्ठताणामुळे जागचा हलत नाही, त्यामुळे जोर वाढवून धुऊन काढू म्हटलं तर कण सरकतात आणि बुडबुडा तिथेच राहतो.

पाणी नेहमी खालून, अगदी सावकाश चढवा. ओली रेघ सेलच्या पारदर्शक भिंतीवर सपाट चढताना दिसली पाहिजे. ती एका बाजूने पुढे धावली तर मागे हवेचा कप्पा राहिला असं समजा. सोय असेल तर पाणी चढवण्याआधी नमुन्यातून कार्बन डायऑक्साइड सोडा. तो हवेला बाहेर ढकलतो, आणि त्याचा जो काही अंश छिद्रांत उरतो तो पाण्यात सहज विरघळतो. निर्वात पंप लावून हवा खेचून घेणं हा दुसरा चांगला मार्ग.

पाणीही हवा काढलेलं हवं. उकळून झाकून निवलेलं, किंवा पंपाखाली ठेवलेलं. नळाचं थंड पाणी थेट वापरू नका. उबदार खोलीत ते तापतं, विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि चाचणी चालू असतानाच छिद्रांत नवे बुडबुडे जमतात. आकडा तासागणिक हळूहळू घसरत असेल तर पहिला संशय यावर घ्या. पाणी नमुन्यापेक्षा किंचित कोमट असणं चांगलं, कारण नमुन्यात शिरल्यावर ते थंड होतं आणि उरलीसुरली हवा विरघळवून घेतं.

मोजमाप आणि आलेख

वरच्या टाकीला ओव्हरफ्लो लावा म्हणजे पातळी स्थिर राहते. हेडमधला फरक मात्र दोन टाक्यांमध्ये मोजू नका. सेलच्या भिंतीवरच्या दोन मॅनोमीटरमध्ये मोजा. जाळ्या, नळ्या आणि तोट्या यांतही हेड खर्च होतं, आणि वाळू भरड असेल तर हा खर्च नमुन्यातल्या खर्चाइतका होऊ शकतो. भिंतीवर मॅनोमीटर जोडायला तोंडं नसतील तर रिकाम्या सेलमधून तेवढाच प्रवाह सोडून हा खर्च वेगळा मोजा आणि वजा करा.

मॅनोमीटर स्थिरावल्यावर मोजपात्र लावा. समजा मॅनोमीटरमधलं अंतर १० सेंटीमीटर, हेडमधला फरक ६ सेंटीमीटर, आणि १२० सेकंदांत ३१८ मिलिलिटर पाणी जमलं. प्रवाह २.६५ घन सेंटीमीटर प्रति सेकंद. उतार ०.६.

जलवाहकता = २.६५ ÷ (४४.२ × ०.६) = ०.१० सेंटीमीटर प्रति सेकंद

इथे थांबू नका. उतार बदलून निदान पाच रीडिंग घ्या, चढत्या क्रमाने, आणि मग तेच उतार उतरत्या क्रमाने. आडव्या अक्षावर उतार, उभ्या अक्षावर डार्सी-वेग. रेषेचा चढ हीच जलवाहकता. एका रीडिंगने आकडा मिळतो; तो खरा आहे की नाही ते रेषेच्या आकारावरून कळतं.

रेषा सरळ असून शून्यबिंदूतून जात नसेल, तर मॅनोमीटरच्या नळीत बुडबुडा आहे किंवा त्याचा शून्य चुकला आहे. जास्त उताराला रेषा खाली वाकत असेल तर दोन शक्यता आहेत. वेग जास्त झाल्यामुळे डार्सी यांचा नियमच लागू राहिलेला नाही, किंवा बारीक कण वाहत जाऊन पुढच्या जाळीवर अडकले आहेत. परतीच्या रीडिंगमुळे निवाडा होतो: वेगाचा परिणाम असेल तर परतताना बिंदू त्याच वाटेने येतात, कण अडकले असतील तर परतीची रेषा खाली राहते. रेषा वर वाकली तर भिंतीलगत किंवा नमुन्यातच पाण्याने वाट फोडली आहे. तो नमुना टाकून द्या.

प्रवाह खालून वर असेल तर आणखी एक मर्यादा. उतार साधारण १ च्या जवळ गेला की वाळूचं पाण्यातलं वजन आणि पाण्याचा वरचा रेटा सारखे होतात, कण सुटे होतात आणि नमुना उकळल्यासारखा दिसतो. ०.५ च्या वर न गेलेलं बरं.

नियम लागू आहे का, हे रेनॉल्ड्स अंकाने तपासता येतं: घनता × डार्सी-वेग × कणव्यास ÷ श्यानता. तो १ च्या खाली असेल तर निर्धास्त राहा. १ ते १० च्या दरम्यान कुठेतरी विचलन सुरू होतं. आपल्या उदाहरणात कणाचा सरासरी व्यास ०.५ मिलिमीटर धरला तर तो सुमारे ०.३६ येतो. खडीमध्ये मात्र ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तिथे फोर्कहायमर यांनी १९०१ मध्ये सुचवल्याप्रमाणे सूत्रात वेगाच्या वर्गाचं आणखी एक पद जोडावं लागतं.

तापमानाची दुरुस्ती

पाण्याची श्यानता १० अंशांना १.३१, २० अंशांना १.००, आणि ३० अंशांना ०.८० मिलिपास्कल-सेकंद असते. म्हणजे तीच वाळू, तेच पाणी, पण थंड आणि गरम दिवसाच्या आकड्यांत दीडपटीहून जास्त फरक. म्हणून आकडा ठरावीक तापमानावर आणून सांगतात. अमेरिकी मानकांत ते २० अंश आहे, भारतीय मानकात २७ अंश. दोन अहवालांची तुलना करताना हे आधी बघा.

वरच्या उदाहरणात पाणी २८ अंशांचं होतं असं धरू, श्यानता ०.८३३. मग २० अंशांची जलवाहकता = ०.१० × ०.८३३ ÷ १.००२ = ०.०८३ सेंटीमीटर प्रति सेकंद. पारगम्यता काढली तर सुमारे ८५ चौरस मायक्रोमीटर येते, म्हणजे ८६ डार्सी. कोझेनी-कारमन सूत्रात सच्छिद्रता ०.४० आणि हेझन यांच्या ठोकताळ्यातला व्यास ०.३ मिलिमीटर घातला तर ८९ चौरस मायक्रोमीटर मिळतात. इतका मेळ नेहमी बसत नाही, पण दहापट फरक आला तर कुठेतरी एककाची चूक आहे हे नक्की.

फॉलिंग हेड

इथे नमुन्यावर एक बारीक उभी नळी असते आणि तिच्यातली पातळी उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

जलवाहकता = (नळीचं क्षेत्रफळ × नमुन्याची लांबी) ÷ (नमुन्याचं क्षेत्रफळ × वेळ) × (सुरुवातीचं हेड ÷ शेवटचं हेड) याचा नैसर्गिक लॉग

नळीचा आतला व्यास १ सेंटीमीटर, नमुना तोच पण मातीची लांबी १० सेंटीमीटर, हेड १०० वरून ६० सेंटीमीटरवर यायला १८०० सेकंद लागले, तर जलवाहकता सुमारे ०.००००५ सेंटीमीटर प्रति सेकंद. नळीच्या व्यासाची चूक वर्गाने वाढते: व्यासात १० टक्के, तर उत्तरात २१ टक्के. म्हणून व्यास पट्टीने मोजू नका. नळीत ठरावीक लांबीचं पाणी भरून त्याचं वजन करा आणि त्यावरून क्षेत्रफळ काढा.

या पद्धतीत एक सुरेख तपासणी दडलेली आहे. दोन्ही हेडच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा. इथे ते ७७.५ येतं. पातळी १०० वरून ७७.५ वर यायला लागलेला वेळ आणि ७७.५ वरून ६० वर यायला लागलेला वेळ सारखाच भरला पाहिजे. दुसरा टप्पा लांबला तर नमुना तुंबतो आहे किंवा हवा सुटते आहे.

चिकणमाती

कडक भिंतीच्या सेलमध्ये चिकणमाती जराशी आकसली की भिंतीलगत फट पडते, आणि मग तुम्ही मातीची नव्हे तर फटीची वाहकता मोजता. म्हणून नमुना रबरी पडद्यात गुंडाळून बाहेरून पाण्याचा दाब देतात. पडदा नमुन्याला चिकटून राहतो. आतल्या पाण्यालाही दाब देतात, म्हणजे उरलेली हवा विरघळते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरू नये; त्याने मातीचे कण सुटून विखुरतात आणि छिद्रं बुजतात. कॅल्शियमचा क्षार किंचित मिसळलेलं पाणी बरं. आत जाणारं आणि बाहेर पडणारं पाणी सारखं होईपर्यंत आकडा लिहू नये, आणि त्याला दिवस लागू शकतात. ०.००००००१ सेंटीमीटर प्रति सेकंद म्हणजे १ च्या उताराखाली वर्षाला सुमारे ३ सेंटीमीटर, हे ध्यानात घेतलं की घाई का चालत नाही ते कळतं.

खडक आणि वायू

खडकाचा गाभा सुकवून रबरी बाहीत घट्ट बसवतात आणि त्यातून नायट्रोजन सोडतात. वायू पुढे जाताना प्रसरण पावतो, त्यामुळे दाबातला फरक नव्हे तर दाबांच्या वर्गांतला फरक घ्यावा लागतो:

पारगम्यता = (२ × बाहेरचा प्रवाह × बाहेरचा दाब × श्यानता × लांबी) ÷ (क्षेत्रफळ × (आतल्या दाबाचा वर्ग − बाहेरच्या दाबाचा वर्ग))

गाभ्याचा व्यास २.५४ सेंटीमीटर, लांबी ५ सेंटीमीटर, आत २ आणि बाहेर १ अ‍ॅटमॉस्फियर निरपेक्ष दाब, प्रवाह ०.५ घन सेंटीमीटर प्रति सेकंद, नायट्रोजनची श्यानता ०.०१७६ सेंटीपॉइज, उत्तर सुमारे ५.८ मिलिडार्सी. गेजचा दाब (हवेच्या दाबाच्या वर मोजलेला) घातला तर सगळं बिघडतं. दाब निरपेक्षच हवा.

हे उत्तर अजून अंतिम नाही. बारीक छिद्रांत वायूचे रेणू भिंतीला न चिकटता घसरतात आणि पारगम्यता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ मध्ये यावर उपाय दाखवला: वेगवेगळ्या सरासरी दाबांना मोजमाप करा, सरासरी दाबाच्या व्यस्तासमोर पारगम्यता मांडा आणि रेषा शून्यापर्यंत मागे न्या. तिथे मिळते ती द्रवासाठीची पारगम्यता. ग्रॅनाइटसारख्या अतिघट्ट खडकात स्थिर प्रवाह यायचीच वाट पाहावी लागते. तिथे एका टोकाला दाबाचा छोटा झटका देऊन तो किती वेगाने विरतो ते मोजतात. ही पद्धत १९६८ पासून वापरात आहे.

जमिनीवर मोजताना

प्रयोगशाळेतला नमुना मूठभर असतो. जमिनीत भेगा असतात, थर असतात. एका विहिरीतली पातळी एकदम बदलून ती परत कशी येते ते पाहणं, किंवा विहीर उपसत राहून शेजारच्या विहिरींतली घट मोजणं (थाइस यांचं १९३५ चं विश्लेषण), यांतून मोठ्या भागाची सरासरी मिळते. भेगाळलेल्या खडकात हे आकडे प्रयोगशाळेतल्यापेक्षा बरेच मोठे येतात, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

थरांचं गणित तर फार बोलकं आहे. १ मीटर वाळू, जलवाहकता ०.१, आणि तिच्यात १ सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा पट्टा, जलवाहकता ०.००००००१ सेंटीमीटर प्रति सेकंद. थरांना समांतर वाहणाऱ्या पाण्याला हा पट्टा जाणवतच नाही, सरासरी ०.०९९ राहते. उभ्या दिशेने मात्र सगळं पाणी त्या पट्ट्यातूनच जायला हवं, आणि सरासरी ०.००००१ वर येते. एकाच जमिनीत दिशा बदलली की दहा हजार पट फरक. म्हणून अखंड नमुना काढतानाच त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण आखा, चाचणीत पाणी कोणत्या दिशेने सोडलं ते लिहा, आणि आकड्याशेजारी घनता, तापमान, वापरलेलं पाणी आणि उतारांची मर्यादा यांचीही नोंद ठेवा.